खुब्याच्या वाटीचं फ्रॅक्चर, डॉक्टर म्हणतायत आधी थ्रीडी प्रिंट काढू. खरंच गरज असते का?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. नेहमी नुसता वाचून जातो, आज पहिल्यांदाच काही विचारायची वेळ आलीय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

मागच्या गुरुवारी रात्री दाजींचा ॲक्सिडेंट झाला. पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेले, बेल्ट नव्हता (त्यावरून घरात बोलून झालंय, इथे परत नको). पुढे उसाची ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, बाकी काय सांगायचं. दाजींना बाहेरून बघाल तर गुडघ्याला खरचटलेलं तेवढंच, आम्हाला वाटलं वाचलो. पण डावा पाय आखूड दिसायला लागला, आत वळलेला, आणि हात लावू देईनात. जवळच्या दवाखान्यात एक्सरे काढला तर खुबा निखळलेला, त्याच रात्री भूल देऊन जागेवर बसवला, मग सीटी काढल्यावर म्हणाले वाटी फुटलीय. घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणते गुडघ्याचीच ना, मग एवढं काय, अण्णांची पण फुटली होती. तिला समजावता समजावता लक्षात आलं की मलाच काही कळलेलं नाहीये.

आता कोल्हापूरला हलवलंय. गुडघ्याच्या वर हाडातून आरपार सळई घातलीय, तिला दोरी, दोरीला वजन, असे सहा दिवस झोपून आहेत. इथले सर म्हणतात ऑपरेशन सोमवारी करू, त्याआधी सीटीवरून हाडाचं थ्रीडी प्रिंट मॉडेल बनवून घेऊ, दोन दिवस लागतील, त्याचे आठ हजार वेगळे. सर चांगले आहेत, पण राउंडला येतात तेव्हा मागे सात-आठ जण असतात, आपण तोंड उघडेपर्यंत ते पुढच्या बेडवर.

तर हे मॉडेल खरंच लागतं का नुसती फॅशन आहे? त्यासाठी सोमवारपर्यंत थांबून नुकसान तर नाही ना? आणि ताईची मेन भीती म्हणजे, ते प्लास्टिक आत बसवणार का? चुलते म्हणतायत डिस्चार्ज घ्या, ओळखीचा हाडवैद्य आहे, पट्टा बांधतो, एकवीस दिवसांत चालवतो. त्यांना मी कसंबसं थोपवून धरलंय.

निळा_ॲप्रन:
ऑर्थोचा रेसिडेंट आहे, म्हणजे हाडांच्या विभागातला शिकाऊ डॉक्टर, थर्ड इयर, आत्ताच ड्युटी संपली, त्यामुळे शुद्धलेखन माफ करा.

पहिल्यांदा ताईंना सांगा, प्लास्टिक आत जात नाही. आत जाणार ती नेहमीची धातूची प्लेट आणि स्क्रू, मॉडेल बाहेर राहतं. आणि चुलत्यांना चहा पाजा पण दवाखान्याच्या बाहेर नेऊ देऊ नका. हे हाड इतकं खोल असतं की उघडल्यावर आम्हालासुद्धा सगळं दिसत नाही, बाहेरून पट्टा बांधून त्याला काय होणारे.

वाटी म्हणजे, शाळेत उखळीचा सांधा शिकलो ना, त्यातली उखळ. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा जिच्यात फिरतो ती खोबण, ॲसिटाब्युलम. तीन हाडं मिळून बनते, लहानपणी ती वेगवेगळी असतात, वयात येताना जुळतात. गाडीत बसल्यावर खुबा वाकलेला असतो, तशात गुडघा डॅशबोर्डवर आपटला की मांडीचं हाड घणासारखं मागं जातं आणि तो गोळा वाटीची मागची भिंत फोडून बाहेर पडतो. म्हणून गुडघ्यावर खरचटलेलं आणि फुटलेलं मात्र खुब्यात. आम्हाला पहिल्याच महिन्यात दम देऊन शिकवतात, ॲक्सिडेंटमध्ये गुडघ्याला जखम दिसली की खुब्याचा एक्सरे काढल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही. त्याच रात्री खुबा बसवला हे फार बरं झालं, गोळ्याचा रक्तपुरवठा नाजूक असतो, जितका वेळ तो बाहेर तितका सुकायचा धोका.

आता मॉडेल कशाला. पायाची नळी मोडली तर ती नळीच आहे, दोन टोकं जुळवली की कळतं जुळली. पेल्विस, म्हणजे कमरेचं हाड, हे पिळून ठेवलेलं पातं, एक बाजू पंख्यासारखी पसरलेली, एक खाली वळलेली, मध्ये वाटी. एक्सरेत हे सगळं एकमेकांवर चढलेलं दिसतं. पॅरिसच्या जुडे बंधूंनी आणि लेतुर्नेलनी १९६४ मध्ये पेशंटला ४५ अंशात एकदा इकडे एकदा तिकडे कलवून काढलेल्या एक्सरेंवरून या फ्रॅक्चरचे १० प्रकार लावून दिले, पाच साधे पाच मिश्र, आजही तेच चालतात. मी पहिल्या वर्षी ते दहा प्रकार पाठ करून आलो आणि पहिल्याच केसला सरांनी एक्सरे समोर धरून विचारलं कुठला, तर माझी दातखीळ. अजूनही आम्ही प्लास्टिकच्या पेल्विसवर पेन्सिलने रेषा काढतो, इथून फुटलं, इथे निघालं. मॉडेल म्हणजे तेच, फक्त पेन्सिलची रेषा नाही, त्या पेशंटचाच तुकडा. स्क्रीनवर थ्रीडी सीटी गोल गोल फिरतं खरं, पण हातात धरून पालथं करून आतून बोट फिरवणं वेगळं.

आणि सगळ्यात मोठा फायदा प्लेटचा. प्लेट सरळ पट्टी येते, तिला ऑपरेशनच्या टेबलावर त्या पिळलेल्या हाडाप्रमाणे वाकवावी लागते, लांबीत, रुंदीत आणि पिळून सुद्धा. मॉडेल नसेल तर काय होतं, वाकवली, लावून बघितली, एका टोकाला उचलली, काढली, परत वाकवली, परत उचलली. हे चालू असताना जखम उघडी, रक्त जातंय, भूलवाले मॅडम घड्याळाकडे बघतायत. मॉडेल असलं की दाजींची चांगली उजवी बाजू कॉम्प्युटरवर आरशात पलटून डावी बनवतात, म्हणजे फुटायच्या आधीची डावी कशी होती ते समोर येतं, त्यावर आदल्या दिवशी निवांत प्लेट वाकवून, स्क्रूची लांबी मोजून, प्लेट निर्जंतुक करून ठेवायची. आमच्याकडे एक सर तर मॉडेलवर बसेल त्याहून मुद्दाम किंचित कमी वाकवतात, म्हणजे स्क्रू आवळले की प्लेट ताणली जाऊन मागच्या भिंतीचा तुकडा दाबून धरते. बेंडर हातात घेऊन दर वळणाला मॉडेलवर टेकवून बघतात, नख जाईल एवढी फट ठेवतात, सुताराने चौकट बसवावी तसं चाललेलं असतं.

एवढा काटेकोरपणा का, तर हा वजन घेणारा सांधा आहे. जोएल मट्टा नावाच्या अमेरिकन सर्जनने १९९६ मध्ये तीन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलेल्या २६२ फ्रॅक्चरचा हिशोब मांडला, त्यात जुळवलेल्या तुकड्यांत १ मिलिमीटरपर्यंत फरक राहिला तर अचूक, २ ते ३ म्हणजे जमलं-नाही-जमलं, ३ च्या वर म्हणजे फसलं. आणि जितकं अचूक तितका पुढे सांधा चांगला. दोन तुकड्यांत अशी वरखाली पायरी राहिली की कूर्चा घासते, मग काही वर्षांत सांधा झिजतो.

सोमवारचं म्हणाल तर तो अकरावा दिवस, चालेल. दोन आठवड्यांच्या आत झालेलं चांगलं, तीन आठवड्यांनंतर नवीन हाड भरायला लागतं, तुकडे चिकटतात, मग जागेवर आणणं म्हणजे मारामारी. त्यामुळे मॉडेलसाठी दोन दिवस ठीक, दोन आठवडे नाही. मशीन बंद आहे, पार्सल अडकलंय असं काही निघालं तर मॉडेल सोडून द्या, तारीख सोडू नका.

सडेतोड_सोलापूर:
सगळे पैसे काढायचे धंदे. आमच्या मामाचं खुब्याचं ऑपरेशन झालं २०११ ला, कसलं मॉडेल नाही न काही नाही, पाऊण तासात बाहेर, तिसऱ्या दिवशी वॉकरवर चालत संडासला. आज शेतात जातात. आठ हजारात किती औषधं येतात.

निळा_ॲप्रन:
सडेतोड, मामांचं बरं झालं ते उत्तमच, पण पाऊण तासात झालं आणि तिसऱ्या दिवशी पाय टेकवला म्हणजे ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक मोडलेलं असणार, घरात पडल्यावर मोडतं ते. त्याला पण खुबाच म्हणतात, सगळा घोळ तिथेच आहे. इथे गोळा शाबूत आहे आणि उखळ फुटलीय. याला तीन-चार तास सहज जातात, कधी त्याहून जास्त.

बाकी एक गोष्ट मान्य, मॉडेल नव्हतं तेव्हाही लोक ही ऑपरेशनं करतच होते आणि उत्तम करत होते. बहुतेक अभ्यासांत वेळ आणि रक्तस्राव कमी होतो असं दिसलंय, पण त्यामुळे दहा वर्षांनी सांधा जास्त टिकतो असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. ज्याने अशी शंभर ऑपरेशनं केलीत त्याच्या हातात मॉडेल नसलं तरी मी माझ्या घरच्यांना त्याच्याकडेच नेईन, आणि ज्याने दोनच केलीत त्याच्याकडे दहा मॉडेलं असली तरी नाही. तेव्हा कोयनाकाठ, राउंडला सरांना अडवून एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो मॉडेलचा नको. सर तुम्ही महिन्याला अशी किती करता, हे विचारा. चांगला माणूस चिडत नाही.

फिलामेंटवाला:
या विषयावर बोलायला मी योग्य माणूस कारण मी डॉक्टर नाही पण अशी दहा-बारा पेल्विस छापलीत. पुण्यात माझं छोटं वर्कशॉप आहे, मूळ काम गिअर, जिग, गणपतीच्या मखराचे पार्ट असलं सगळं. एका ऑर्थोच्या सरांनी विचारलं जमेल का आणि मी हो म्हणालो, त्या हो ची किंमत पुढचे तीन आठवडे मोजली.

लोकांना वाटतं सीटीची फाईल टाकली की प्रिंटर हाड बाहेर काढतो. खरं काम प्रिंटरच्या आधी असतं. पहिली गोष्ट, फिल्म नाही लागत, सीडी लागते, आणि सीडीत डायकॉम, म्हणजे स्कॅनची मूळ फाईल लागते. मोबाईलवर काढलेले फिल्मचे फोटो पाठवणारे पण भेटलेत. दुसरी, स्लाइस, म्हणजे सीटी हाडाचे जे आडवे काप दाखवतं ते, पातळ हवे, १ मिलिमीटर किंवा कमी. ५ मिलिमीटरचे स्लाइस असतील तर हाडाच्या जागी जिना तयार होतो, आणि फटीच दिसत नाहीत ज्या बघायला हा सगळा खटाटोप. त्यामुळे कोयनाकाठ, तुमचा सीटी पहिल्या दवाखान्यातला आहे ना, तो पातळ स्लाइसचा आहे का ते आजच विचारून घ्या, नाहीतर शनिवारी कळेल की परत काढायला पाहिजे.

मग सॉफ्टवेअर. मटेरिअलाइज या बेल्जियमच्या कंपनीचं मिमिक्स म्हणून आहे, मोठ्या ठिकाणी तेच वापरतात, महाग. मी थ्रीडी स्लायसर वापरतो, फुकट आहे आणि भारी आहे. त्यात प्रत्येक ठिपक्याला तो किती दाट ते सांगणारा एक आकडा असतो, हाउन्सफिल्डचा, पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड काही शे च्या वर. २०० च्या वरचं सगळं उचल म्हटलं की हाड उचलतं, पण त्याच्याबरोबर टेबलाची कड पण उचलतं, ट्रॅक्शनची, म्हणजे वजन लावायची सळई पण. आणि मांडीचा गोळा वाटीला चिकटलेलाच येतो कारण मधली फट केसाएवढी. तो गोळा काढल्याशिवाय वाटी आतून दिसणार कशी, तर एकेक स्लाइस उघडून हाताने खोडायचं, दोनशे-तीनशे स्लाइस. सीताफळाच्या बिया वेगळ्या करतो तसं समजा, फक्त इथे गर कुठला आणि बी कुठली ते पण आपणच ठरवायचं. इथे चुकलं तर फ्रॅक्चरची रेषाच बुजते किंवा नसलेली तयार होते, म्हणून मी एकट्याने कधी करत नाही, डॉक्टर शेजारी बसले किंवा फोनवर स्क्रीन शेअर केली तरच.

प्रिंटिंगला पीएलए वापरतो, मक्या-बिक्यापासून बनतं ते, किलोचा रोल हजार-बाराशेला मिळतो आणि अर्ध्या पेल्विसला पाव-अर्धा किलो सपोर्टसकट. मशीन वीसेक तास चालतं, त्यात लाइट गेली की अर्धं हाड तसंच, म्हणून यूपीएस. सकाळी सपोर्ट, म्हणजे छापताना खाली दिलेले प्लास्टिकचे टेकू, पकडीने तोडायचे, वाटीच्या आतले सगळ्यात चिवट. आठ हजार जास्त वाटतील पण प्लास्टिक त्यातलं काहीच नाही, खोडणाऱ्याचे आहेत ते.

पहिल्या मॉडेलला माझी काय फजिती झाली सांगतो. पंख्यासारखा भाग असतो ना, त्याच्या मधोमध चक्क दोन भोकं. मी घाबरून सरांना फोन केला, सर इथे पण फुटलंय हो. ते हसायलाच लागले, म्हणे तिथे हाड इतकं पातळ असतं की उजेडात धरलं तर आरपार दिसतं, तुझ्या आकड्यात ते बसलं नाही म्हणून गळलं. तर तुमच्या मॉडेलमध्ये असं भोक दिसलं तर ताईंना आधीच सांगून ठेवा.

आणि एक चूक माझ्याकडून होता होता राहिली ती पण सांगतो, कारण ती कोणाकडूनही होऊ शकते. आरशात पलटताना डावं-उजवं. पलटून झाल्यावर फाईलला नाव दिलं उजवं, कारण मूळ बाजू उजवी होती. दुसऱ्या दिवशी माझा पोरगा ती फाईल उचलून पुन्हा पलटायला बसला. स्क्रीनवर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, मला ओळखू येत नाही आणि त्याला पण नाही. तेव्हापासून मी मॉडेलच्या अंगावरच डा किंवा उ असं कोरून छापतो, पलटलेलं असेल तर आ पण. शिवाय छापून झाल्यावर कॅलिपर लावून दोन अंतरं सीटीशी ताडून बघतो, कारण प्रिंटरसाठी आकार ज्यात साठवतो त्या एसटीएल फाईलमध्ये नुसते आकडे असतात, मिलिमीटर का इंच ते लिहिलेलंच नसतं.

कोयनाकाठ:
बापरे, एवढं सगळं. फिलामेंटवाले दादा तुमचे उपकार, तुमचं वाचून लगेच सीटीवाल्यांकडे गेलो. पहिला सीटी खरंच जाड स्लाइसचा निघाला, पण त्यांच्या मशीनवर मूळ डेटा अजून होता, त्यातून पातळ स्लाइस काढून सीडी दिली, दाजींना परत हलवायला लागलं नाही. तिथला पोरगा म्हणाला अजून चार दिवस गेले असते तर डिलीट झालं असतं.

सरांना पण विचारलं महिन्याला किती करता. चिडले नाहीत, उलट थांबले, म्हणाले चार-पाच होतात, आणि मग पेन काढून चादरीवरच चित्र काढायला लागले, सिस्टर ओरडल्या. मागची भिंत आणि आडवी चीर असं दोन्ही आहे म्हणाले. त्यांनी दाजींना पायाचा पंजा वर उचलायला लावला दोन-तीनदा आणि वहीत लिहिलं. ते कशासाठी?

निळा_ॲप्रन:
सायटिक नस. ती वाटीच्या अगदी मागून जाते, गोळा बाहेर पडताना तिला मार बसू शकतो, आणि आम्ही पण मागूनच जाणार म्हणजे तिच्या शेजारी काम. ऑपरेशनच्या आधी पंजा वर येत होता का नव्हता हे लिहिलेलं असलंच पाहिजे. ऑपरेशनभर गुडघा वाकवून ठेवतो ते पण त्यासाठीच, नस सैल राहते. मॉडेलमध्ये ना नस असते ना रक्तवाहिनी ना स्नायू, तिथे हाड मोकळं उघडं दिसतं, आणि खऱ्यात तेच हाड मांसाच्या दोन इंच खाली, एका फटीतून. मॉडेलवर प्लेट बसली म्हणून आत तशीच बसेल असं नाही, आधी तुकडे जागेवर यायला पाहिजेत, ते काम हाताचंच.

आडवी चीर प्लस मागची भिंत हा त्या दहातला मिश्र प्रकार. यात मॉडेलचा अजून एक उपयोग म्हणजे वाटीच्या कडेचा कूर्चासकट दबलेला तुकडा, तो आत खचलेला असतो, त्याला हळूच उचलून खाली हाड भरावं लागतं. वाटी आतून बघता आली की तो आधीच सापडतो.

दोन_काठ्या:
मी पेशंट. २०१९, बाईक, नाशिक साइड. माझा वाटीचा दोन्ही कॉलमचा, म्हणजे वाटीला धरणारे पुढचा-मागचा दोन्ही खांब फुटल्याचा प्रकार होता, दाजींपेक्षा वेगळा, माझं पुढून ओटीपोटातून केलं. पण मॉडेलवाला अनुभव सांगतो कारण डॉक्टर लोक ही बाजू सांगत नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सरांनी ते मॉडेल आणून माझ्या हातात दिलं. तोपर्यंत मी आठ दिवस फक्त छताचा पंखा बघत होतो आणि प्रत्येकजण वेगळं सांगत होता, एकजण फ्रॅक्चर, एकजण क्रॅक, एकजण चुरा. पांढरं, हलकं, खेळण्यासारखं, आणि त्यात माझी वाटी फुटलेल्या पणतीसारखी. मी बोट घातलं तर कडेला अडकलं. सर म्हणाले हे इथे आणायचंय, इथे प्लेट, हा स्क्रू इथून असा जाणार. बायको शेजारी होती, तिने विचारलं हा तुकडा नाही आला तर? सर म्हणाले मग दोन-चार वर्षांत सांधा बदलावा लागेल. मग मी सही केली. एरवी त्या कन्सेंटच्या फॉर्मवर मी न वाचताच सही करणार होतो, सगळेच करतात.

आता खर्चाचं आणि नंतरचं, कारण कोयनाकाठ तुम्ही सोमवारच्या पुढचा विचारच केलेला दिसत नाही. मला पावणेतीन महिने त्या पायावर वजन टाकू दिलं नाही, नुसता अंगठा टेकवायचा. घरात कमोड नसेल तर आत्ताच खुर्चीवाला आणून ठेवा, उकिडवं बसणं विसरा. पलंग उंच पाहिजे, खाली विटा लावल्या तरी चालतात. पोटात टोचायची इंजेक्शनं असतात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, ती टाळू नका, आणि दुखतं म्हणून व्यायाम पण टाळू नका. कोणी म्हणेल तेल लावून जोरात मालिश करा तर त्याला दारातूनच परत पाठवा. मांडी घालून मी अजून बसत नाही, लग्नात पंगतीला खुर्ची मागतो, लाज वाटायची आधी, आता नाही वाटत.

आणि पैशाचं, महात्मा फुले योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, प्रत्येक योजनेच्या दवाखान्यात असतो तो, मॉडेलचे आठ हजार त्यात धरतात का ते पण त्यालाच. मी विचारलंच नव्हतं, नंतर शेजारच्या बेडवाल्याने सांगितलं, तोपर्यंत भरून झालेले. ॲक्सिडेंटचा क्लेम टाकणार असाल तर एफआयआर, सगळी बिलं आणि डिस्चार्ज कार्डच्या झेरॉक्स, एका फाइलीत.

सडेतोड_सोलापूर:
मामीला विचारलं, मामांचं ते मांडीच्या हाडाचंच होतं. रेसिडेंट बरोबर आहे. बाकी पैसे काढतातच हे माझं मत तसंच आहे.

निळा_ॲप्रन:
त्या मताला माझा पण हात वर आहे कधीकधी. मला साध्या मागच्या भिंतीच्या एका मोठ्या तुकड्यासाठी मॉडेल काढलेलं पटत नाही, ते सीटीवर स्वच्छ दिसतं. पण दाजींचं तसं नाहीये.

अजून एक विचारून ठेवा कोयनाकाठ, ऑपरेशननंतर स्नायूत हाड वाढू नये म्हणून गोळी देणार का, मागून केलं की ते होऊ शकतं. इंडोमेथासिन देतात, पोटाला त्रास होतो, ॲसिडिटी असेल तर आधी सांगा.

कोयनाकाठ:
मंडळी, काल रात्री उशिरा लिहायला बसलो आणि झोपच लागली, आज लिहितो.

सोमवारी झालं ऑपरेशन. आत नेलं सव्वादहाला, बाहेर आले पावणेदोनला. दोन पिशव्या रक्त तयार ठेवायला सांगितलेलं, एकच लागली. सरांनी बाहेर येऊन एक्सरे दाखवला, प्लेट एकदाच लावली, काढावी लागली नाही म्हणाले, पण आतला खचलेला तुकडा मॉडेलमध्ये दिसत होता त्यापेक्षा मोठा निघाला, त्यालाच वेळ गेला. किती मिलिमीटर राहिला विचारलं (तुमच्यामुळे) तर सर माझ्याकडे बघायलाच लागले, मग म्हणाले परत सीटी काढू तेव्हा सांगतो, आत्ता एक्सरेवर तरी पायरी दिसत नाही.

पंजा वर येतोय. सिस्टर म्हणतात तीन महिने अंगठाच टेकवायचा. चुलते आज भेटायला आले, मॉडेल हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत होते, मग म्हणाले हे पट्ट्याने नसतं झालं. चुलत्यांच्या तोंडून हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.

मॉडेल आम्हाला घरी न्यायला दिलंय. ताईची पोरगी सहावीत आहे, तिला शाळेत न्यायचंय, उखळीचा सांधा दाखवायला. तोवर पिकअपच्या डॅशबोर्डवर ठेवलंय, दाजींचे मित्र येऊन बघतात. फिलामेंटवाले दादा, अंगावर डा कोरलेलं आहे, बघितलं मी.

फिलामेंटवाला:
सगळं छान, पण डॅशबोर्डवरून आधी खाली घ्या. पीएलए साठ डिग्रीला मऊ पडतं आणि बंद गाडीत काचेखाली उन्हात तेवढं सहज होतं. पोरगी शाळेत नेईल तोवर वाटीचं ताट झालेलं असेल.